कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये? आधी डेटा वाचवा, मग दुरुस्तीला हात घाला

बटण दाबलं तरी काहीच होत नाही. किंवा पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. किंवा विंडोजचं चिन्ह येतं, ठिपके गोल फिरत राहतात आणि गाडी तिथेच अडते. घरातला कॉम्प्युटर असा बंद पडला की पहिला सल्ला ठरलेला: "फॉर्मॅट मारावा लागेल."

फॉर्मॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून टाकणं. हा लेख मी त्या एका वाक्यामुळे लिहितेय. माझ्या मावशीच्या घरचा कॉम्प्युटर असाच बंद पडला, तेव्हा दुकानातून तो दोन दिवसांत "एकदम नवा" होऊन परत आला. काकांच्या शेवटच्या वर्षांतले सगळे फोटो मात्र गेले होते. नंतर कळलं ते असं की बिघाड रॅमचा, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीचा, होता. फोटो जिथे साठवलेले असतात त्या हार्ड डिस्कला हात लावायचं कारणच नव्हतं.

तेव्हापासून नात्यात आणि सोसायटीत कोणाचा कॉम्प्युटर अडला की मी आधी एकच गोष्ट सांगते. यंत्र आणि त्यातला डेटा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. यंत्र मेलं तरी डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो, आणि तो जातो तो आपल्याच घाईमुळे. खालचा क्रम त्या हिशोबाने लावला आहे. तो विंडोज १० आणि ११ चालवणाऱ्या घरगुती डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठी आहे.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- चालू स्थितीतला दुसरा कॉम्प्युटर, शेजाऱ्याचा किंवा ऑफिसातला, तासभरासाठी
- किमान ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह (यातलं सगळं पुसलं जाणार आहे)
- डेटा ठेवायला एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह
- फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, मऊ कोरडा ब्रश, पांढरा खोडरबर
- खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड. लॅपटॉपचा सिरियल नंबर मागच्या बाजूला चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड. हे का, ते पाचव्या पायरीत येईल
- मोबाइल, कारण प्रत्येक पायरीला फोटो काढायचे आहेत. पडद्यावर आलेला संदेश, केबल काढण्याआधीची जागा, सगळ्याचे

वॉरंटी चालू असेल तर लॅपटॉप स्वतः उघडू नका. खालच्या, न उघडता करायच्या पायऱ्या मात्र जरूर करा.

१. यंत्र कुठपर्यंत पोचतं ते बघा

काहीही खोलण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा आणि ऐका. बटण दाबल्यावर कॉम्प्युटर स्वतःची तपासणी करतो: वीज, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, मग डिस्क. ते सगळं जमलं की विंडोजला हाक मारतो. तो नेमका कुठे थांबतो यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही: पायरी २.
पंखा फिरतो पण पडद्यावर कंपनीचं नावही येत नाही: पायरी ३.
नाव येतं, मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत "डिस्क सापडत नाही" अशा अर्थाचा संदेश: पायरी ४.
विंडोजचं चिन्ह किंवा निळा पडदा येतो: पायरी ५ आणि ६ वाचून मग ७.

एक सोपी परीक्षा आहे. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे? मग मशीन जिवंत आहे आणि बिघाड पडद्याच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त.

आणि जर पडद्यावर अपडेट चालू असल्याचं लिहिलं असेल, टक्के हळूहळू सरकत असतील, हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर थांबा. जुन्या हार्ड डिस्कवर अपडेटला दोन-दोन तास लागतात. मधेच बटण दाबून बंद केल्यानेच पुष्कळ कॉम्प्युटर खरे बिघडतात.

२. वीजच पोचत नाही

आधी भिंतीचा सॉकेट तपासा, त्यात मोबाइलचा चार्जर लावून. मग एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून कॉम्प्युटर थेट भिंतीला लावा. यूपीएसची बॅटरी मेली की काही यूपीएस वीज असूनही पुढे देत नाहीत, आणि घरातले सगळे कॉम्प्युटरला दोष देत बसतात.

डेस्कटॉपच्या मागे, जिथे वायर लागते तिथे, एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, छोटा स्विच असतो. साफसफाई करताना तो बंद झालेला असतो असं अनेकदा दिसतं. जुन्या एसएमपीएसवर शेजारी लाल सरकता स्विच असतो, ११५ आणि २३० असा. आपल्याकडे तो २३० वरच हवा. मुलांनी खेळताना ११५ वर सरकवला आणि बटण दाबलं तर एसएमपीएस जळतो.

लॅपटॉपसाठी: चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून सुरू करा. आत अडकलेला विजेचा अंश निघून जातो आणि "मेलेले" लॅपटॉप याने उठतात. पैसे खर्च करण्याआधी हे नक्की करा. चार्जरचा दिवा लागत नसेल किंवा पिन हलवल्यावर लागत-विझत असेल तर त्याच क्षमतेचा दुसरा चार्जर लावून पाहा.

डेस्कटॉपची झाकणपट्टी उघडून आत मदरबोर्डवर (सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात त्या मोठ्या पाटीवर) एखादा दिवा लागलेला दिसत असेल, पण बटण दाबून काही होत नसेल, तर पुढचं बटणच खराब झालेलं असू शकतं. मेन स्विच बंद करा. रीसेट बटणाची बारीक वायर काढून पॉवर बटणाच्या दोन पिनांवर लावा आणि मग रीसेट बटणाने मशीन सुरू करून पाहा. सुरू झालं तर बिघाड बटणाचा, आणि त्याला फार खर्च येत नाही.

एवढं करूनही शांतता असेल तर संशय एसएमपीएसवर. तो बदलून बघणं हाच घरगुती उपाय. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वायर काढून ठेवली तरी आतले कपॅसिटर बराच वेळ जीवघेणा विद्युतभार धरून ठेवतात. आत पाल किंवा मुंग्या मेलेल्या दिसल्या, जळका वास आला, तरी तो उघडून साफ करायचा नाही. नवा घ्यायचा.

३. पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

"नो डिस्प्ले" हा दुकानांतला नेहमीचा शब्द, आणि त्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे रॅमचा सैल किंवा मळलेला संपर्क. पावसाळ्यात, त्यातून कोकणात किंवा बंद खोलीत महिनोन् महिने पडून असलेल्या मशीनमध्ये तर हेच आधी बघावं.

पण त्याआधी मॉनिटर. त्याचा स्वतःचा दिवा लागतो का? केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच कार्डाला लावलेली हवी, मदरबोर्डच्या सॉकेटला नव्हे. लॅपटॉप असेल तर तो एचडीएमआयने टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर लॅपटॉप ठणठणीत आहे, स्क्रीन किंवा तिची पट्टी गेली आहे, आणि डेटा तसाच्या तसा हाती आहे.

आता रॅम:

1. मेन स्विच बंद, वायर बाहेर. पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज काढा.
2. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. नायलॉनचे कपडे आणि गालिचा टाळा.
3. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर ढकला. पट्टी वर येईल. ती कडांनी धरा.
4. सोनेरी पट्टीवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. कण ब्रशने पूर्ण झाडा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर ते खोडरबरपेक्षा चांगलं. पाणी, थुंकी, रॉकेल अजिबात नको.
5. खाच जुळवून, दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन बसवा. खिट्ट्यांचा "कट्" असा आवाज आला पाहिजे. घरच्या माणसांचा हात इथेच कमी पडतो. जोर लावायला लोक घाबरतात आणि पट्टी अर्धवट बसते.
6. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून सुरू करा, मग दुसरी, मग जागा बदलून. यातूनच खराब पट्टी किंवा खराब जागा सापडते.

तरीही चित्र नाही? प्रिंटर, पेनड्राइव्ह, वायफायची कांडी, जास्तीची हार्ड डिस्क, सगळं काढा. फक्त प्रोसेसर, एक रॅम, मॉनिटर आणि कीबोर्ड एवढ्यावर चालवून बघा. मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर काढून परत लावा, त्याने बायोसच्या, म्हणजे विंडोजआधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग मूळ जागी येतात. तारीख सारखी मागे जात असेल तर ही बॅटरी संपली आहे, नवी घाला. मात्र मशीनमधली डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीने) बंद असेल तर सेटिंग बदलल्यावर किल्ली मागितली जाऊ शकते, म्हणून बॅटरी काढण्याआधी पाचवी पायरी वाचून घ्या.

आवाज आणि दिवे टिपून ठेवा. बीप किती, लांब की आखूड. नव्या मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावांपुढे बारीक दिवे असतात, त्यांपैकी कोणता लागून राहतो. लॅपटॉपवर कॅप्स लॉक किंवा चार्जिंगचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. या खुणा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. मॉडेल नंबरसह कंपनीच्या साइटवर अर्थ सापडतो, आणि दुकानदाराला व्हिडिओ दाखवला तर त्याचाही वेळ वाचतो.

नवी डीडीआर५ रॅम नुकतीच बसवली असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळा पडदा राहणं साहजिक आहे. लगेच बंद करू नका.

४. चित्र येतं, पण "डिस्क नाही" म्हणतो

"नो बूटेबल डिव्हाइस", "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड", "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस". शब्द वेगळे, अर्थ एकच: विंडोज ज्या डिस्कवर आहे ती सापडली नाही.

लावून राहिलेला पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड काढा आणि परत सुरू करा. कित्येकदा गोष्ट तिथेच मिटते.

नाही मिटली तर बायोस उघडा. सुरू करताच वारंवार दाबायची कळ: डेल, एसर आणि आसुसला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला बहुधा एफ१ किंवा एफ२, जोडून घेतलेल्या डेस्कटॉपला डिलीट. आत डिस्कच्या यादीत तुमच्या डिस्कचं नाव दिसतं का एवढंच बघायचं.

दिसत नसेल तर डेस्कटॉपमध्ये डिस्कची साटा केबल (डेटाची केबल) आणि वीज केबल काढून घट्ट लावा, दुसरी केबल आणि मदरबोर्डवरची दुसरी जागा वापरून बघा. दिसत असेल तर बूटच्या क्रमात "विंडोज बूट मॅनेजर" पहिला आहे ना ते पाहा. इथे बाकी काही बदलू नका. साटा किंवा व्हीएमडीची (डिस्क कशी ओळखायची त्याची) पद्धत बदलली की चांगलं विंडोजही "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" असा निळा पडदा दाखवून बसतं.

हार्ड डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येतो आहे? तत्काळ बंद करा आणि पुन्हा सुरू करू नका. आत वाचणारं टोक चकतीवर आपटत असू शकतं, आणि प्रत्येक वेळी सुरू केल्यावर आणखी डेटा खरवडला जातो. अशा डिस्कवर कोणतंही सॉफ्टवेअर चालवायचं नाही. ती फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो, तोही मानू नका. आत दव धरतं. डेटा मोलाचा असेल तर डिस्क थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्यायची.

५. निळ्या पडद्यावर ४८ अंक मागितले तर

विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर, डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग दुरुस्तीच्या वेळी अचानक ४८ अंकी "रिकव्हरी की" मागितली जाते.

हे घरापुरतं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. उपाय छोटा होता: सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींवर चालवण्याच्या पद्धतीत) जाऊन एक फाइल काढायची. पण ज्या मशीनवर बिटलॉकर होतं तिथे आधी किल्ली शोधावी लागली आणि काम लांबलं.

किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरा, डिव्हाइसच्या यादीत बिटलॉकरच्या किल्ल्या दिसतात. पडद्यावरच्या "की आयडी"ची पहिली आठ अक्षरं जुळवा आणि त्यासमोरचे ४८ अंक टाका. लॅपटॉप मुलाने किंवा दुकानदाराने सुरू करून दिला असेल तर किल्ली त्याच्या खात्यात असू शकते, आधी त्याला विचारा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाला. किल्ली कुठेच नसेल तर डेटा परत मिळत नाही, मायक्रोसॉफ्टकडेही दुसरी वाट नाही. "मी काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

६. आता डेटा बाहेर काढा

विंडोज दुरुस्त करण्याआधी ही पायरी, नंतर नाही. तीन मार्ग आहेत.

*पहिला, काहीही न खोलता.* विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यात शिरा: सुरू करा, विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोनदा केलं की पुढच्या वेळी "प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" येतं. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. त्या काळ्या खिडकीत इंग्रजीत नोटपॅड हा शब्द टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडलं की फाइल, ओपन. खालच्या खान्यात "ऑल फाइल्स" निवडा. आता समोर तुमच्या सगळ्या ड्राइव्ह आहेत! फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, आणि एक्स्टर्नल डिस्कवर जाऊन पेस्ट. किती झालं ते दिसत नाही, खिडकी थिजल्यासारखी वाटते, तरी धीर धरा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी चा डी झालेला असतो, म्हणून नावावर न जाता आत काय आहे ते पाहा.

*दुसरा, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून.* विंडोज अजिबात उठत नसेल तर हा माझा आवडता मार्ग. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिच्या उबुंटू किंवा लिनक्स मिंट या प्रकाराची फाइल मोफत उतरवा, रूफस या छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवा. बंद पडलेल्या मशीनला तो लावून बूट मेनू (कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी) उघडा: डेल, लेनोव्हो आणि एसरला एफ१२, एचपीला एफ९, आसुस लॅपटॉपला एस्केप. सिक्युअर बूट ही बायोसमधली सुरक्षेची सेटिंग बंद करण्याची गरज नाही. पडद्यावर उबुंटू "ट्राय" आणि "इन्स्टॉल" असे दोन पर्याय देईल. "ट्राय" निवडा. "इन्स्टॉल" दाबून पुढे गेलात तर डिस्क पुसली जाऊ शकते. मिंट थेट डेस्कटॉपवर नेतो, तिथे इन्स्टॉलच्या आयकॉनला हात लावू नका. मग फाइल मॅनेजरमधून डिस्क उघडा आणि कॉपी करा. डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही असा संदेश आला तर काळजी नको, आपल्याला वाचायचंच आहे.

*तिसरा, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावणं.* लॅपटॉपची अडीच इंची डिस्क साध्या यूएसबी-साटा केबलवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला वेगळा वीज अडॅप्टर लागतो. पातळ एम.२ एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर ती एनव्हीएमई जोडणीची आहे की साटा ते पाहून कव्हर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत या वस्तू सहज मिळतात, गावी असाल तर ऑनलाइन.

डिस्क लावल्यावर विंडोज कधीकधी विचारतं, "ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करायची का?" कॅन्सल करा. संपूर्ण लेखातला सगळ्यात महाग सापळा हाच आहे. फोल्डर उघडायची परवानगी नाही असं आलं तर "कंटिन्यू" दाबा, तो वेगळा आणि निरुपद्रवी प्रश्न आहे.

काय काय उचलायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स सगळ्यांच्या लक्षात राहतात. खाली दिलेल्या गोष्टी राहून जातात:

- टॅलीचा डेटा. तो बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये असतो
- जुने मराठी फॉन्ट. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टाइप केलेली पत्रं, लग्नपत्रिका, वंशावळी यूनिकोडमध्ये नसतात. फाइल वाचवली पण फॉन्ट गेला तर मजकुराच्या जागी अगम्य इंग्रजी चिन्हं दिसतात. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्स हे अख्खं फोल्डर कॉपी करा
- ब्राउझरमधले बुकमार्क
- डी आणि ई ड्राइव्ह. लोकांचं लक्ष सी वरच असतं

झाल्यावर कॉपी केलेले पाच-दहा फोटो आणि एक-दोन कागदपत्रं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. फाइलचं नाव दिसणं आणि फाइल उघडणं यात फरक आहे.

डिस्क वाचताना वारंवार अडकत असेल, पण आवाज करत नसेल, तर एकेक फाइल ओढत बसण्यापेक्षा लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढावी. तो चांगला भाग आधी वाचतो आणि खराब जागा शेवटी ठेवतो. पुसल्या गेलेल्या फाइल शोधायला टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे मोफत प्रोग्रॅम आहेत. फोटोरेकने मिळालेल्या फाइलींना मूळ नावं राहत नाहीत. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर साठवू नका, नाहीतर अजून न सापडलेल्यांवर त्या लिहिल्या जातील. एसएसडीवरून पुसलेलं मात्र सहसा परत येत नाही.

७. विंडोजची दुरुस्ती, सोप्याकडून अवघडाकडे

दुरुस्तीच्या पडद्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सखाली या क्रमाने जा. एक उपाय, मग रीस्टार्ट, मग पुढचा. दोन उपाय एकदम करू नका, कशाने झालं ते कळणार नाही.

स्टार्टअप रिपेअर आधी. मग, बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स, त्यात आधी क्वालिटी अपडेट. मग सिस्टिम रीस्टोअर: ते विंडोजला आधीच्या तारखेला नेतं, तुमच्या फाइलींना हात लावत नाही, त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र काढतं.

मग सेफ मोड: स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबा, इंटरनेट हवं असेल तर ५. सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर नीट चालतो म्हणजे विंडोजचा गाभा शाबूत आहे आणि दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा नव्या प्रोग्रॅमचा आहे. शेवटचं काय टाकलं होतं ते आठवून काढा. दुसरा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर पहिला संशय त्याच्यावर.

कमांड प्रॉम्प्टमधून डिस्क तपासण्याची चेकडिस्क ही आज्ञा बरेचजण आधी चालवायला सांगतात. डेटा काढून झालेला असेल तरच चालवा. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती तासन् तास ताण देते आणि तुटक्या फाइलींचे तुकडे करून ठेवते.

लॉगिन होतं पण नंतर काळा पडदा आणि नुसता बाण? विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स पुन्हा सुरू होतं. नाही झालं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून तिथून नव्या टास्कमध्ये एक्सप्लोरर सुरू करा.

८. नव्याने विंडोज टाकायची वेळ आली तर

"रीसेट धिस पीसी" मध्ये "कीप माय फाइल्स" निवडा. फाइली राहतात, प्रोग्रॅम सगळे जातात. टॅलीचा परवाना, श्रीलिपीची सीडी किंवा डाँगल (परवान्याची यूएसबी कांडी), प्रिंटरचा ड्रायव्हर आधी शोधून ठेवा.

तेही चाललं नाही तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह बनवून त्यावरून. तिथे पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) यादी येते तेव्हा श्वास घ्या. डी आणि ई ला हात लावायचा नाही. जुन्या विंडोजच्या पार्टिशनवर फॉर्मॅट न करता टाकलंत तर आधीचं सगळं "विंडोज.ओल्ड" नावाच्या फोल्डरमध्ये राहतं. अधिकृत विंडोज असेल तर त्याची नोंद मदरबोर्डशी जोडलेली असते, त्यामुळे तीच आवृत्ती टाकल्यास परत परवाना विकत घ्यावा लागत नाही. कोणी "क्रॅक" टाकून देतो म्हणालं तर नाही म्हणा. अशा प्रोग्रॅममधून पासवर्ड चोरणारी सॉफ्टवेअर येतात आणि त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचा व्यवहार करता.

विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यापेक्षा जुनं मशीन फक्त ब्राउझर, पत्रं आणि फोटोंसाठी असेल तर लिनक्स मिंट टाकण्याचा विचार करा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर असं जुनं मशीनही चपळ होतं.

९. दुकानात न्यायचं असेल तर

बिघाड वीज, स्क्रीन, कीबोर्ड किंवा मदरबोर्डचा असेल आणि डिस्क काढता येत असेल, तर डिस्क घरी ठेवून मशीन न्या. दुरुस्ती करणाऱ्याला तुमच्या फोटोंची आणि बँकेच्या कागदांची गरज नाही.

डिस्कसह द्यायचं असेल तर पावतीवर लिहून घ्या: "डेटा हवा आहे. विचारल्याशिवाय फॉर्मॅट करू नये." तोंडी सांगितलेलं काउंटरवरून आतल्या मुलापर्यंत पोचत नाही. रॅम किती जीबी, डिस्क कोणत्या कंपनीची, तिचा सिरियल नंबर, हेही पावतीवर आणि तुमच्या मोबाइलमध्ये फोटो म्हणून. बदललेला जुना भाग परत मागा. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते तेव्हा जुनी बहुधा कंपनी ठेवून घेते आणि डेटाची जबाबदारी घेत नाही, म्हणून द्यायच्या आधी विचारा.

दुकानदाराने "मदरबोर्ड गेला" म्हटलं तर कसं तपासलं ते शांतपणे विचारा. चांगला कारागीर दुसरी रॅम आणि दुसरा एसएमपीएस लावून दाखवतो.

१०. सुरू झाल्यावर, त्याच दिवशी

बिटलॉकरची किल्ली कागदावर छापून रेशन कार्डाच्या फायलीत ठेवा. रिकव्हरी ड्राइव्ह बनवा: स्टार्टमध्ये त्याच नावाने शोधलं की सापडतं, आणि १६ जीबीचा पेनड्राइव्ह बरा पडतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवून डिस्कची तब्येत पाहा. "कॉशन" किंवा "बॅड" आलं तर ती डिस्क बदलायची, ती वर्षभर चालत राहिली तरी.

सहाव्या पायरीत काढलेली प्रत पुसू नका. तीच तुमचा पहिला बॅकअप आहे. त्या एक्स्टर्नल डिस्कवर महिन्यातून एकदा नवे फोटो आणि कागदपत्रं चढवा, आणि एरवी ती कॉम्प्युटरला लावून ठेवू नका, कारण वीज कडाडून एकदम दोन्ही जाण्याचा आणि व्हायरसने दोन्हीकडच्या फाइली बंद करण्याचा धोका असतो. वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की कॉम्प्युटरची वायर आणि इंटरनेटची केबल दोन्ही भिंतीतून काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही.